रातपाळीचे शहर आणि मेंदूतील घड्याळ

सोलापूर शहर ७५.९ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास वसलेले आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते. पृथ्वीला एक अंश वळण्यास चार मिनिटे लागत असल्यामुळे सोलापुरातील भिंतीवरचे घड्याळ तेथील सूर्यापेक्षा सरासरी २६ मिनिटे पुढे असते. मुंबईत हा फरक ३८ मिनिटांचा भरतो, तर गडचिरोलीत तो दहा मिनिटांपर्यंत उतरतो. शाळा, कचेऱ्या, रेल्वे आणि कारखाने यांनी एकच प्रमाणवेळ पाळावी हे सोयीचे आणि आवश्यकच आहे. परंतु या शहरातील प्रत्येक माणसाच्या, आणि शहराबाहेर नान्नजच्या माळावर चरणाऱ्या प्रत्येक काळविटाच्या मेंदूत आणखी एक घड्याळ चालू असते, आणि ते प्रमाणवेळही जाणत नाही व गिरणीचा भोंगाही जाणत नाही. ते सूर्याच्या उजेडाने लावले जाते. ज्या शहराने पिढ्यानपिढ्या पाळ्यांमध्ये काम केले आहे, त्या शहराला या घड्याळाची ओळख असणे अगत्याचे आहे.

हे घड्याळ कोठे असते, हे १९७२ पर्यंत नक्की ठाऊक नव्हते. दोन्ही डोळ्यांकडून निघालेल्या चेता मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना छेदून जातात, त्या छेदाच्या अगदी वर, हायपोथॅलॅमस या भागात, चेतापेशींचे दोन इवलेसे पुंजके असतात. भूक, तहान, शरीराचे तापमान आणि संप्रेरके, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणारी नियंत्रक रसायने, यांचा कारभार हायपोथॅलॅमस पाहतो. या पुंजक्यांना सुप्राकायझमॅटिक केंद्रक असे लांबलचक नाव आहे. उंदरांत प्रत्येक पुंजक्यात सुमारे दहा हजार, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम वीस हजार चेतापेशी असतात. १९७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूर व व्हिक्टर आयक्लर या जोडीने आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे फ्रेडरिक स्टीफन व अर्व्हिंग झुकर या जोडीने उंदरांमधील हे पुंजके नष्ट केले, तेव्हा त्या प्राण्यांच्या दिवस-रात्रीच्या लयी मोडून पडल्या. उंदीर खात होते, पीत होते, झोपतही होते. पण या गोष्टींना ठरलेली वेळ उरली नाही.

एखादा अवयव काढल्यावर एखादी क्रिया थांबली, एवढ्यावरून ती क्रिया त्या अवयवातच घडत होती असे सिद्ध होत नाही, आणि म्हणून यानंतरचा प्रयोग अधिक मोलाचा ठरतो. मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना हॅमस्टर या उंदीरवर्गीय प्राण्यात एक जनुकीय बदल आढळला, ज्याची माहिती त्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. हा बदल आई आणि बाप या दोघांकडूनही आलेल्या हॅमस्टरचा दिवस चोवीसऐवजी सुमारे वीस तासांतच पुरा होत असे. १९९० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हॅमस्टरचे केंद्रक नष्ट करून तेथे दुसऱ्याचे केंद्रक बसवले, आणि पाहुण्या ऊतीचा जो दिवस होता तोच यजमान प्राण्याचा दिवस झाला. वीस तासांचे केंद्रक मिळालेला प्राणी वीस तासांच्या लयीत धावू-झोपू लागला. एका प्राण्याचा ‘दिवस’ दुसऱ्याच्या मेंदूत नेऊन बसवता येतो, यापेक्षा स्पष्ट पुरावा मागता येणार नाही.

वीस हजार पेशींना चोवीस तास मोजता येतात ते त्यांच्या जनुकांमुळे. सस्तन प्राण्यांच्या पेशीत ‘क्लॉक’ आणि ‘बीमाल-१’ ही दोन प्रथिने एकत्र येऊन ‘पीरियड’ आणि ‘क्रिप्टोक्रोम’ या जनुकांना कामाला लावतात. त्या जनुकांपासून तयार झालेली प्रथिने पेशीत हळूहळू साठतात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि ज्यांनी आपल्याला निर्माण केले त्या क्लॉक-बीमाल जोडीलाच रोखून धरतात. नवी प्रथिने बनणे थांबते, जुनी झिजून नाहीशी होतात, रोध सुटतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या एका फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. या शोधाची सुरुवात फळमाशीपासून झाली. रोनाल्ड कोनोप्का व सिमूर बेन्झर यांनी १९७१ मध्ये तिच्यात ‘पीरियड’ जनुकाचे अस्तित्व दाखवले, आणि या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माशी आणि माणूस यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर असूनही वेळ मोजण्याची मूळ रीत दोघांत एकच निघावी, हे जीवशास्त्रातील फार सुंदर सत्य आहे.

‘सुमारे’ चोवीस तास हा शब्द येथे जपून वापरलेला आहे. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ च्या उन्हाळ्यात घड्याळाविना दोन महिने एका गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढले तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट उजाडला होता. दिवसांची मोजदाद इतकी चुकली, तरी त्याचे शरीर मात्र चोवीस तासांहून थोड्या मोठ्या लयीत नियमाने झोपत आणि जागे होत राहिले होते. पुढे चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काळजीपूर्वक मोजमाप करून माणसाच्या अंतर्गत दिवसाची सरासरी लांबी २४ तास ११ मिनिटे असल्याचे दाखवले. बहुसंख्य माणसांचे हे घड्याळ असे रोज थोडे मागे पडते आणि म्हणून ते रोज नव्याने लावावे लागते. हे काम उजेड करतो.

डोळ्यांच्या पडद्यामध्ये रूप आणि रंग पाहणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही थोड्या पेशी असतात, ज्यांत मेलॅनॉप्सिन नावाचे प्रकाशग्राही द्रव्य असते. या पेशी निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि त्यांचे तंतू थेट मेंदूतील त्या दोन पुंजक्यांपर्यंत पोचतात. काही अंध व्यक्तींना प्रतिमा अजिबात दिसत नसूनही त्यांचे शरीर दिवस-रात्र ओळखते, ते यांच्यामुळे. मात्र त्याच उजेडाचा परिणाम वेळेनुसार उलटा होतो. संध्याकाळी आणि रात्रीच्या पूर्वार्धात पडलेला उजेड घड्याळ मागे सरकवतो, तर पहाटेनंतरचा उजेड ते पुढे ओढतो. शरीराचे तापमान ज्या वेळी सर्वांत खाली उतरते, म्हणजे रात्री झोपणाऱ्या माणसात पहाटे चार-पाचच्या सुमारास, ती वेळ या दोन परिणामांमधील सीमा आहे. रातपाळीचा विचार करताना ही सीमा लक्षात ठेवावी लागते.

घड्याळ लावण्यासाठी किती उजेड लागतो, या प्रश्नावरील एक अत्यंत नाजूक संशोधन भारतात झाले आणि त्यात एका मराठी संशोधकाचा मोठा वाटा आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेत राहणाऱ्या कीटकभक्षी वटवाघळांवर दीर्घकाळ अभ्यास चालवला होता. त्यांच्यासोबत काम करताना दिलीप जोशी यांनी दाखवले की, ताऱ्यांच्या उजेडापेक्षाही मंद प्रकाश या वटवाघळाचे घड्याळ लावू शकतो, आणि तेजस्वी प्रकाशाचा अर्ध्या मिलिसेकंदाचा झोतही ते सरकवू शकतो. हे निबंध १९८२ आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटातील जी. मारिमुथू आणि आर. सुब्बराज यांनी असेही नोंदवले होते की, गुहेच्या पूर्ण अंधारात पिंजऱ्यात ठेवलेली वटवाघळेसुद्धा, आजूबाजूच्या मोकळ्या वटवाघळांचे जाणे-येणे जाणवत असेल तर, बाहेरच्या दिवसाशी जुळून राहतात. एकाकी ठेवलेल्या प्राण्याची लय मात्र सुटी होऊन सरकत जाते. दिलीप जोशी यांनी पुढे अहमदनगर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात फळमाशीच्या दैनिक लयींचा अभ्यास उभा केला. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांमध्ये या विषयावरचे निबंध जात राहिले, ही गोष्ट महाराष्ट्राला जितकी ठाऊक असायला हवी तितकी नाही.

वटवाघूळ निशाचर आहे आणि माणूस दिनचर, तर त्यांची घड्याळे परस्परांच्या उलट चालत असतील असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे नाही. नान्नजच्या अभयारण्यात माळढोकाच्या नावाने राखलेल्या गवताळ माळावर काळवीट दिवसाउजेडी चरतात, आणि लांडगे बहुतांशी तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत फिरतात. परंतु प्राणी दिनचर असो वा निशाचर, त्याच्या मेंदूतील केंद्रकाच्या चेतापेशी दिवसा अधिक सक्रिय असतात आणि रात्री मंदावतात. मेलाटोनिन हे संप्रेरकही दोन्ही प्रकारच्या प्राण्यांत रात्रीच स्रवते. म्हणजे घड्याळ ‘आता दिवस आहे’ एवढेच सांगते, आणि दिवसाचे काय करायचे हे पुढच्या यंत्रणा ठरवतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर गेला की काळवीटही भर दुपारी झाडाच्या सावलीला थांबते. तेव्हा घड्याळ बदललेले नसते, उन्हाने केवळ त्याच्या आदेशावर पडदा टाकलेला असतो.

मेलाटोनिनचा मार्ग मोठा वळणाचा आहे. मेंदूतील केंद्रकाकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यात उतरतो, मानेतील चेतागुच्छातून पुन्हा वर चढतो आणि मेंदूच्या मध्यभागातील पिनियल ग्रंथीपर्यंत जातो. अंधार पडल्यावर ही ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि डोळ्यांवर तीव्र उजेड पडताच ते थांबवते. दुसरीकडे, जाग येण्याच्या आधीच कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी चढू लागते, जेणेकरून शरीर उठण्याच्या तयारीत असते. यकृत, स्वादुपिंड, हृदय, स्नायू आणि मेद यांच्या पेशींतही तीच जनुकीय घड्याळे असतात. मृदंगाच्या ठेक्यावर दिंडीतील टाळकरी आपापले टाळ धरतात, तशी ही सारी घड्याळे मेंदूतील मुख्य घड्याळाच्या वेळेवर चालतात. पण यकृताला आणखी एक धनी असतो, आणि तो म्हणजे जेवणाची वेळ. प्रयोगातील उंदरांना केवळ त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच अन्न दिले, तेव्हा त्यांच्या यकृताचे घड्याळ काही दिवसांत उलटले आणि मेंदूचे मात्र जागचे हलले नाही, असे उएली शिब्लर यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या वेळा चालू राहाव्यात, ही अवस्था रातपाळीच्या कामगाराच्या नित्य वाट्याला येते.

सोलापूरशी या विषयाचा खरा संबंध येथे येतो. १८७७ मध्ये सुरू झालेल्या, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कापड गिरणीपासून या शहराचे जगणे भोंग्याला बांधले गेले. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्त हा कामाच्या आड येईनासा झाला. एकेक करून मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांनी पाळ्यांची रीत चालू ठेवली. जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे, आणि गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो, उसाच्या गाड्या रात्रभर काट्यावर उभ्या असतात. रेल्वेच्या सोलापूर विभागाचे गाडीचालक, फताटेवाडीचे औष्णिक वीज केंद्र, शासकीय रुग्णालयातील परिचारिका आणि निवासी डॉक्टर हे सारे याच पंक्तीत येतात. या मंडळींच्या जागरणावर शहराचे कापड, साखर, वीज आणि औषधपाणी उभे आहे.

रातपाळीचा कामगार कारखान्यात माफक उजेडात रात्र काढतो. त्या उजेडाची तीव्रता प्रकाशाच्या मापात काहीशे लक्स इतकी असते, तर उघड्यावरचे ऊन एक लाख लक्सपर्यंत जाऊ शकते. पाळी सुटल्यावर सकाळी सात-आठ वाजता तो सायकलवरून किंवा दुचाकीवरून घराकडे निघतो, तेव्हा तापमानाची ती पहाटेची सीमा ओलांडलेली असते आणि डोळ्यांवर पडणारे कोवळे ऊन त्याचे घड्याळ पुढे ओढून पुन्हा दिवसाच्याच वेळेवर आणून ठेवते. रात्रभर काम करूनही त्याचा मेंदू दिवसपाळीचाच राहतो. घरी येऊन अंथरुणावर पडावे, तर कॉर्टिसोल चढलेले आणि शरीर तापू लागलेले असते. त्यातच पत्र्याच्या छताखालची खोली, उन्हाळ्याची काहिली, मुलांची शाळा आणि वस्तीचा गलबला यांची भर पडते. रातपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून काही तासांनी कमी भरते, ही गोष्ट जगभर आढळलेली आहे. त्याला ‘झोपेची शिस्त नाही’ असे म्हणणे हा अन्याय आहे, कारण त्याची झगडाझगडी आळसाशी नसून सूर्याशी असते.

याचे परिणाम केवळ डुलकीपुरते राहत नाहीत. मध्यरात्री घेतलेल्या जेवणानंतर रक्तातील साखर दिवसाच्या तुलनेत अधिक चढते, कारण स्वादुपिंड आणि स्नायू त्या वेळी अन्नाची अपेक्षाच करीत नसतात. दीर्घकाळ पाळ्या करणाऱ्यांमध्ये मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रातपाळीच्या कामाचा समावेश ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केला आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासणी करून तो निष्कर्ष कायम ठेवला. पहाटे तीन ते पाच या वेळेत सावधपणा सर्वांत खाली येतो, आणि चालू मागावर हात असणाऱ्याला किंवा इंजिनात बसलेल्याला तो क्षण महागात पडू शकतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि ते फार मोठे काम होते. परंतु पुरुष कामगाराचे ते तास दिवसाचे की रात्रीचे, याचा फरक त्या हिशेबात धरला गेला नाही.

याच जिल्ह्यातील पंढरपूरची एक परंपरा या संदर्भात आठवावी अशी आहे. आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या काळात विठ्ठलाचा पलंग काढला जातो, शेजारतीपासून काकड्यापर्यंतचा रोजचा विश्रामाचा क्रम स्थगित होतो आणि देव चोवीस तास दर्शनासाठी उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण घालवण्यासाठी त्याला स्नान घातले जाते, काढा दिला जातो आणि मगच नित्यक्रम पुन्हा सुरू होतो. अखंड जागरणानंतर शीण उतरवण्याची व्यवस्था केलीच पाहिजे, हे भान या भूमीच्या आचारात जुने आहे. ते कारखान्याच्या दारापर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. अमेरिकेतील युटा राज्यात खनिजे काढणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला उलट्या क्रमाने, म्हणजे रात्र, मग दुपार, मग सकाळ अशा फिरत असत. झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी तो क्रम सकाळ, दुपार, रात्र असा सुलटा करवला आणि पाळीचा बदल आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी ठेवला. कामगारांचे समाधान वाढले, प्रकृतीच्या तक्रारी कमी झाल्या आणि उत्पादनही वाढले, असे त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. कारण साधे आहे. ज्या घड्याळाचा दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा आहे त्याला उशिरा झोपणे जमते, लवकर झोपणे जड जाते. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, फलकावरील पाळ्यांचा क्रम तेवढा बदलावा लागतो. रातपाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात मागाजवळ भरपूर उजेड ठेवणे, मुख्य जेवण पाळीला येण्यापूर्वी आणि मध्यरात्रीनंतर केवळ हलका आहार घेणे, पहाटे तीनच्या सुमारास वीस मिनिटांची आडवे होण्याची मुभा असणे, घरी जाताना गडद चष्मा घालणे आणि झोपण्याच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा लावणे, या साऱ्या गोष्टी शरीरशास्त्राला धरून आहेत आणि फारशा खर्चिक नाहीत. जाड पडद्याचे कापड तर याच शहरात विणले जाते.

शेतकऱ्याची रातपाळी मात्र कोणत्याही फलकावर लागत नाही. शेतीपंपांची वीज चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, आणि रात्रीच्या फेरीत बार्शी, मोहोळ किंवा मंगळवेढ्याचा शेतकरी अंधारात बॅटरी घेऊन पाण्याची दारे धरायला जातो. साप-विंचवाची भीती सर्वांना दिसते. दर काही दिवसांनी त्याचे शरीर दोन वेळांमध्ये फाटते, हे नुकसान कोणी मोजत नाही. इतक्या वारंवार होणाऱ्या बदलाशी कोणत्याही सस्तन प्राण्याचे घड्याळ जुळवून घेऊ शकत नाही. दिवसा वीज मिळावी या मागणीमागे म्हणूनच सोयीपेक्षा बरेच अधिक काही आहे, आणि शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे महत्त्वही केवळ अनुदानाच्या हिशेबात मावणारे नाही. तेव्हा यंत्रमागधारकांनी आणि साखर कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी येत्या हंगामापूर्वी पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा सुलटा करावा, कामगार संघटनांनी वेतनाइतक्याच आग्रहाने पाळ्यांच्या वेळापत्रकाची मागणी मांडावी, आणि शेतीची वीज सूर्य असताना द्यावी.